सरांवर दहा मिनिटं

पहाटे ५.१५

दहावीच्या पूर्वपरीक्षेचे पेपर जानेवारीत तपासायचे म्हणजे अंगावर शाल आणि शेजारी चहा, दोन्ही लागतात. पेपर म्हणायचं ते सवयीनं. आता त्याचं नाव कृतिपत्रिका. ८० गुण लेखी, २० तोंडी. आमची शाळा मराठी माध्यमाची, त्यामुळे मुलांची इंग्रजी ही तृतीय भाषा आणि पुस्तक ‘माय इंग्लिश कोर्सबुक’. पत्रलेखनाला मी विषय दिला होता : गावातल्या एखाद्या अडचणीबद्दल संबंधित अधिकाऱ्याला पत्र लिहा. गठ्ठ्यातल्या बहुतेकांनी गाईडमधलं रस्त्यावरच्या दिव्यांचं पत्र जसंच्या तसं उतरवलंय. स्वल्पविरामसुद्धा गाईडचेच.

एका मुलीनं मात्र बिबट्यावर लिहिलंय. ऊसतोड सुरू झाल्यापासून तो वस्तीजवळ फिरतो, सकाळच्या शाळेला अंधारात निघायची भीती वाटते, वनखात्यानं पिंजरा लावावा. क्रियापदांचे काळ एकमेकांत गुंतलेत, ‘द’ आणि ‘अ’ औषधालाही नाहीत, उसाचं स्पेलिंग दोन ओळींत दोन तऱ्हेचं. पण हे पत्र वाचून खात्याचा माणूस जागचा उठेल. आशयाचे गुण मी पूर्ण दिले. भाषेचे कापले, आणि चुकांवर काट न मारता त्यांच्याखाली नुसती रेघ ओढली. चूक कोणती ते तिनं शोधायचं.

ही सवय आमच्या सरांची. पलूसकडच्या हायस्कूलात त्यांनी मला इंग्रजी शिकवलं. आज संध्याकाळी सांगलीत, त्यांच्या वर्षश्राद्धाच्या निमित्तानं, जुने विद्यार्थी जमणार आहेत आणि मला बोलायचंय. संयोजकांनी दहा मिनिटं दिलीत. ‘हाडाचे शिक्षक’, ‘ऋषितुल्य’, ‘ज्ञानदानाचा अखंड यज्ञ’ हे सगळं बाकीचे वक्ते म्हणणारच. ते सोडून काय उरतं, ते मला आज दिवसभरात शोधायचंय.

सकाळी ७.३०

शनिवार, सकाळची शाळा. साताऱ्यात जानेवारीत या वेळी अजिंक्यताऱ्यावर धुकं असतं आणि वर्गात स्वेटरांचे रंग. आठवीला आज प्रश्न करायला शिकवायचंय. मराठीत विधानाच्या शेवटी ‘का’ लावला, नाहीतर नुसता आवाज चढवला, की प्रश्न तयार. इंग्रजीत तेवढ्यानं भागत नाही. शब्दांना जागा सोडून उठावं लागतं.

तिसऱ्या बाकावरून शंका येते, “मॅडम, हे ‘डू’ मधीच कुठनं आलं? वाक्यात तर नव्हतं की.”

शंका रास्त आहे. व्याकरणाच्या पुस्तकात तिला मोठं नाव आहे, उत्तर नाही. मी सरांचं उत्तर काढते. वाक्यात मदतीला कुणी नसलं, की ‘डू’ला शेजारून बोलवायचं. आणि तो आला, की क्रियापदाच्या डोक्यावरचा ‘एस’ उतरवून त्याच्या डोक्यावर द्यायचा. ओझं एकानंच वाहायचं. चार मुलं फळ्यासमोर शब्द बनून उभी राहतात, पाचवा ‘डू’ दारातून धावत आत येतो, ‘एस’ लिहिलेला कागद हातोहात जातो. दोन फेऱ्यांत वर्ग ते करू लागतो. सरांच्या वर्गात असा ‘डू’ मी स्वतः झालेली आहे.

महाराष्ट्रात जून २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आहे. सर नोकरीला लागले तेव्हा ती पाचवीत सुरू व्हायची. चाररेघी वही, लाकडी पट्टी आणि अकरा वर्षांचं, एबीसीडीला बिचकणारं पोर, इथून त्यांचं काम सुरू होई. माझ्यासमोरची मुलं आठवं वर्ष इंग्रजी शिकतायत, तरी प्रश्न विचारायचा म्हटलं की माना खाली. इतकी वर्षं त्यांनी इंग्रजीत उत्तरंच दिलीत. प्रश्न विचारायची पाळी त्यांच्यावर आलीच कुठे? सरांचा तास उलटा चाले. पहिली दहा मिनिटं मुलांनी विचारायचं, सरांनी उत्तर द्यायचं. काहीही विचारा. त्यांचा पगार आम्हाला त्या दहा मिनिटांत कळला होता.

सकाळी ९.४०

मधल्या सुट्टीत प्रजासत्ताक दिनाच्या भाषणाची तालीम. नववीतला एक मुलगा मोबाइलवरून तयार इंग्रजी भाषण घेऊन आलाय. एकही चूक नाही आणि एकही वाक्य त्याचं नाही. त्याला मी तिघांची नावं काढायला लावली : घरातला पहिला शिकलेला माणूस, गावातली पहिली पदवीधर बाई, आणि ज्याच्याकडून तो सायकल शिकला तो. या तिघांवर प्रत्येकी दोन वाक्यं इंग्रजीत बोल, म्हटलं. तो घामाघूम झाला. पण सहा वाक्यं झाली.

स्टाफरूममध्ये एका सहकाऱ्यानं विचारलं, “मॅडम, आता फोन सगळं भाषांतर करून देतो. आपण कशाला जीव काढायचा?” प्रश्न टाळण्यासारखा नाही. फोन वाक्य देतो, खरंच चांगलं देतो. पण गावातली पहिली पदवीधर बाई कोण, हे फोनला त्या मुलानं सांगावं लागतं. सांगण्यासारखं आपल्याजवळ आहे एवढा धीर मुलाला देणं, हे काम अजून शिक्षकाकडेच आहे.

सकाळी ११.५०

शाळा सुटली. पाठीवर कृतिपत्रिकांचा उरलेला गठ्ठा घेऊन कॅम्पातून स्टँडकडे. छत्रपती शिवाजी कॉलेज याच भागात. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ते १९४७ मध्ये काढलं, आणि ‘कमवा आणि शिका’ ही योजना पोटात घालून काढलं. बॅरिस्टर पी. जी. पाटील इथेच. कर्मवीरांचे विद्यार्थी, इंग्रजीचे प्राध्यापक, या कॉलेजचे प्राचार्य, पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू. विलायतेला जाऊन बॅरिस्टर झालेल्या माणसाला वकिली मोकळी होती. ते साताऱ्याला येऊन शिकवत राहिले.

त्यांनी आपल्या इंग्रजीचं काय केलं, ते पाहण्यासारखं आहे. महात्मा फुल्यांची ‘गुलामगिरी’ १८७३ ची. पुस्तक मराठी, प्रस्तावना मात्र फुल्यांनी इंग्रजीत लिहिली होती. आपलं म्हणणं बाहेर कुणाच्या कानावर जायला हवं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पी. जी. पाटलांनी ‘गुलामगिरी’ आणि फुल्यांचं इतर निवडक लेखन इंग्रजीत नेलं. महाराष्ट्र शासनानं ते १९९१ मध्ये छापलं. कर्मवीरांचं चरित्रही त्यांनी इंग्रजीत लिहिलं, ‘द बाउंटिफुल बनियन’. वडाचं झाड हे रयत शिक्षण संस्थेचं बोधचिन्ह, नाव तिथूनच आलं. साहेबाचं इंग्रजीत वाचायचं आणि आपलं मराठीत सांगायचं ही रीत जुनी. यांनी आपलं, तेही शेतकऱ्याचं आणि शूद्रातिशूद्रांचं, इंग्रजीत जाऊन सांगितलं.

मोबाइलवर पहिला मुद्दा टिपला : इंग्रजी येणारा माणूस काय बाहेर नेतो आणि काय घरी आणतो.

दुपारी १.२०

सांगली गाडी. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मं तिकीट, त्यामुळे गाडीत आमचंच राज्य. उंब्रजच्या पुढे उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी रेंगाळली. कऱ्हाडात दहा मिनिटं थांबा, एक वडापाव.

कऱ्हाडजवळ टेंभू. हल्ली टेंभू म्हटलं की दुष्काळी भागाला कृष्णेचं पाणी देणारी उपसा सिंचन योजना आठवते. गोपाळ गणेश आगरकर याच गावचे, जन्म १८५६. पुण्याला जाऊन न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकवू लागले, पुढे फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. शेक्सपिअरचा ‘हॅम्लेट’ त्यांनी ‘विकारविलसित’ नावानं मराठीत आणला, १८८३ मध्ये. पुढच्याच वर्षी डेक्कन एज्युकेशन सोसायटी उभी राहिली, संस्थापकांत आगरकर होतेच. आणि याच सोसायटीनं १९१९ मध्ये सांगलीत विलिंग्डन कॉलेज काढलं. टेंभूचा मुलगा शिकायला कृष्णाकाठ सोडून गेला. त्याच्या माघारी त्याची संस्था कॉलेज घेऊन कृष्णाकाठी आली.

१९१९ हे साल इकडे दोनदा लिहून ठेवावं लागतं. त्याच वर्षी कऱ्हाडजवळच्या काले गावी कर्मवीरांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. आमचे सर शाळेत शिकले रयतेच्या आणि बीए इंग्रजी झाले विलिंग्डनला. दोन्ही धागे त्यांच्या अंगावर होते. याचं त्यांनी कधी भाषण केलं नाही, म्हणून ते मी करणार. दुसरा मुद्दा.

दुपारी २.३०

पेठ नाका मागे पडला, आष्ट्याकडे गाडी लागली. दोन्ही बाजूंना ऊस. आणखी पूर्वेला पलूस-तासगावची द्राक्षं. तिसरा मुद्दा तिकडचा आहे, आणि मला वाटतं भाषण खरं त्यावर उभं राहील.

आमच्या वर्गातली निम्मी मुलं द्राक्षबागायतदारांची. घरात औषधांच्या बाटल्या, खतांच्या पिशव्या, आणि त्यांवर बारीक इंग्रजी. सर म्हणाले, रिकाम्या खोक्यांवरचे कागद आणा. बाटलीला हात लावायचा नाही, कागद फक्त. पुढचा महिना धडा बाजूला आणि वर्गात लेबलं. आज्ञार्थ आम्ही तिथे शिकलो : मुलांपासून दूर ठेवा, वाऱ्याविरुद्ध फवारू नका, हात धुवा. लाल, पिवळा, निळा, हिरवा हे त्रिकोण विषाची तीव्रता उतरत्या क्रमानं सांगतात, हेही तिथेच कळलं. शेवटची फवारणी आणि काढणी यांत किती दिवसांचं अंतर हवं, ही लेबलावरची ओळ आम्ही घरी जाऊन वडिलांना वाचून दाखवली. माझे वडील ऐकून गप्प बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानदाराला जाऊन जाब विचारला.

युरोपात द्राक्षं पाठवायची तर औषधांचा अंश मर्यादेत लागतो, हे आता प्रत्येक निर्यातदार जाणतो. सर हे शिकवत होते तेव्हा ते फक्त वाचायला शिकवत होते. इंग्रजी हा परीक्षेचा विषय आहे, असं त्यांना कधी वाटलंच नसावं. ती बाटलीवर लिहिलेली असते आणि ती न वाचता आल्यामुळे माणसाचं नुकसान होतं, इतका साधा हिशेब.

दुपारी ३.४०

सांगली. सभेला वेळ आहे म्हणून रिक्षानं विश्रामबागला, विलिंग्डनच्या आवारात एक चक्कर.

इथल्या इंग्रजी विभागाची परंपरा मोठी विलक्षण आहे. वि. कृ. गोकाक इथे इंग्रजी शिकवत. त्यांना ज्ञानपीठ मिळालं, ते कन्नड साहित्यासाठी. म. द. हातकणंगलेकरांनी इथे वर्षानुवर्षं इंग्रजी शिकवलं. नाव झालं मराठी समीक्षक म्हणून. जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजीचे प्राध्यापक आणि मराठीचे कथाकार. दोघे स्नेही, जीएंच्या निवडक पत्रांच्या संपादनात पुढे हातकणंगलेकरांचा हात होता. २००८ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन, ८१ वं, सांगलीतच भरलं आणि अध्यक्ष हातकणंगलेकर होते. इंग्रजीच्या मास्तरानं आपल्याच गावात मराठीच्या संमेलनाचं अध्यक्ष व्हावं, याचं सांगलीला नवल वाटलं नाही.

वाटायचं कारणच नव्हतं. इथून जवळ, कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर. गोविंद बल्लाळ देवल तिथले. बेळगावला शिक्षकी केली, ‘ऑथेल्लो’चा ‘झुंजारराव’ केला. इकडच्या मातीत इंग्रजी चांगली रुजली, ती तिच्यावर जीव ओवाळून टाकणाऱ्यांमुळे नव्हे. तिच्याकडून काहीतरी घेऊन घरी येणाऱ्यांमुळे. त्यांनी नाटकं आणली, समीक्षा आणली. सरांनी पुस्तक एकही लिहिलं नाही. त्यांनी लेबलावरची एक ओळ माझ्या वडिलांपर्यंत आणली. रांग तीच आहे, सर तिच्यात शेवटी उभे आहेत एवढंच.

दुपारी ४.३०

गावभागात काकूंकडे, म्हणजे सरांच्या पत्नीकडे. सर निवृत्त झाल्यावर इथेच राहत होते.

“आलीस व्हय गं? किती वाळलीस. बस, च्या टाकते.”

चहा होईपर्यंत कपाट पाहिलं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, गावभाग बुडाला. सरांची पुस्तकं वरच्या माळ्यावर चढवेपर्यंत खालचे दोन कप्पे गेले. वाचलेल्यांत तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आहे. सरांच्या वडिलांच्या पिढीनं इंग्रजी शिकली ती तिच्यावर. रेन आणि मार्टिनचं व्याकरण आहे. हा रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होता आणि कादंबऱ्याही लिहायचा. शेजारी हॉर्नबीचा शब्दकोश, पाण्यानं फुगून दुप्पट झालेला. हॉर्नबी जपानात इंग्रजी शिकवायचा. जपानी मुलं कुठे अडखळतात ते पाहून त्यानं हा कोश रचला, तो आधी १९४२ मध्ये तिकडेच छापला गेला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डनं काढला. परक्या मुलांच्या चुका नीट ऐकून घेणाऱ्या एका मास्तराचं हे काम जगभरच्या कपाटांत गेलं.

“ह्या वह्या न्हेतीस का?” काकूंनी एक पत्र्याची पेटी पुढे ओढली. आत सरांच्या टाचणवह्या. प्रत्येक तुकडीला काही पानं, प्रत्येक मुलापुढे त्यानं त्या आठवड्यात केलेली एकच चूक. माझ्या नावापुढे : ‘आर’ आणि ‘वर’ यांत गोंधळ, सोमवारी विचारणे. पुढच्या सोमवारी तिथे बरोबरची खूण. एका मुलापुढे तीच चूक नऊ आठवडे आहे. नवव्याच्या पुढे खूण आहे.

“रात्री अकरा-अकरापत्तुर बसायचे,” काकू म्हणाल्या. “मी म्हणायची, पोरं झोपली असतील, तुम्ही कुणासाठी जागताय? तर म्हणायचे, सोमवार हाय.”

एक वही मागून घेतली. चौथा मुद्दा, आणि शेवटचा.

संध्याकाळी ६.००

छोटं सभागृह, साठ-सत्तर माणसं. एक नर्स, दोन ग्रामसेवक, बँकेतला अधिकारी, चार-पाच बागायतदार. हार, दीपप्रज्वलन, आणि अपेक्षेप्रमाणे यज्ञ, ऋषी आणि दीपस्तंभ.

माझी दहा मिनिटं मी हिशेबानं सुरू केली. सरांकडे तीन तुकड्या, प्रत्येकी साठ मुलं, म्हणजे १८० वह्या. एका वहीला पाच मिनिटं म्हटली तर ९०० मिनिटं, १५ तास. आठवड्यातून एकदा वही तपासायची तर शाळेच्या वेळेबाहेरचे हे १५ तास, दर आठवड्याला. ते रात्रीतून आले, रविवारातून आले, काकूंच्या वाट्यातून आले. मग वहीतलं नऊ आठवड्यांचं पान वाचून दाखवलं, मुलाचं नाव न घेता. मागच्या रांगेतून एक बागायतदार उठून म्हणाला, “त्यो मीच. ‘ही डोन्ट’ म्हणायचो.” सभागृह हसलं. तो बसला नाही. यंदा त्यानं युरोपात द्राक्षं पाठवली, खरेदीदाराशी फोनवर तोच बोलतो, आणि बोलताना ‘डझन्ट’ म्हणतो, हे सांगूनच बसला.

पी. जी. पाटील, आगरकर, हातकणंगलेकर हे मुद्दे मी तीन मिनिटांत आटोपले. त्याच्यापुढे ते लांबवण्यात अर्थ नव्हता.

रात्री ८.१५

सभा संपताना सूचना आली : सरांच्या नावानं, दहावीला इंग्रजीत पहिल्या येणाऱ्या मुलाला रोख बक्षीस. टाळ्या पडल्या. मी हात वर केला. पहिल्या येणाऱ्या मुलासाठी सरांना रात्री अकरापर्यंत बसावं लागत नव्हतं. त्यांचा वेळ गेला तो नऊ आठवडे अडकणाऱ्यावर. त्यांचं स्मारक करायचं तर तो वेळ पुन्हा उभा करावा लागेल, बक्षिसाच्या पाकिटात तो मावायचा नाही.

थोडी कुजबुज झाली. संयोजकांना पाकीट सोपं वाटत होतं, आणि ते सोपं आहेच. बँकेतला अधिकारी म्हणाला, “म्हणजे नक्की काय करायचं, ते सांगा.” मी म्हटलं, शाळा पलूसकडे आहे, तुमच्यातले बरेचजण तासाभराच्या अंतरावर राहतात. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊ. आठवड्यातून एकदा वह्या वाचायच्या, चुकीखाली रेघ ओढायची, मुलापुढे एक चूक लिहून ठेवायची आणि पुढच्या वेळी त्याला विचारायचं. व्याकरण येतं तेवढं पुरे. सरांनी शिकवलेलं विसरला असाल तर वही माझ्याकडे आहे.

नर्सनं आधी नाव दिलं, मग एका ग्रामसेवकानं. बागायतदार छाटणीच्या हंगामात जमणार नाही म्हणाला, पण एरवी येईन. अधिकाऱ्यानं कागद मागवून घेतला आणि वर स्वतःचं नाव घातलं. काकूंच्या पुतण्यानं पाचवं दिलं. अधिकाऱ्याला आकड्यांची सवय. त्यानं तिथल्या तिथे हिशेब मांडला. पंधरा तास पाच जणांत वाटले की प्रत्येकाकडे तीन येतात.